कराविना दिलेली हमी

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारातून दरमहा २०० रुपये ‘पी.टी.’ म्हणजे व्यवसाय कर म्हणून कापले जातात आणि फेब्रुवारीत ही कपात ३०० रुपये होते. फेब्रुवारीतच असे का, याचे उत्तर सोपे आहे. अकरा महिन्यांचे २,२०० आणि एका महिन्याचे ३०० मिळून २,५०० रुपये होतात, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे व्यवसाय कर म्हणून एका माणसाकडून वर्षाला याहून अधिक रक्कम राज्याला घेता येत नाही. परंतु हा कर मुळात कशासाठी बसवला गेला, हे आज बहुतेक पगारदारांना ठाऊक नसते. १ एप्रिल १९७५ पासून लागू झालेला हा कर ग्रामीण महाराष्ट्रातील मजुराला मागेल तेव्हा काम देता यावे म्हणून आला. शहरातील कारकून, शिक्षक, डॉक्टर, वकील, व्यापारी आणि कारखान्यातील कामगार यांनी दुष्काळी भागातील मजुरीचा काही भार उचलावा, असे त्या वेळच्या विधिमंडळाने ठरवले आणि कारण सांगूनच कर घेतला.

ही जुनी गोष्ट आज पुन्हा मांडण्याचे कारण ताजे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी ‘जी राम जी’ या लघुनावाने ओळखला जाणारा नवा कायदा संमत केला. त्यानुसार प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे. पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा राज्यांना आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा बदल खर्चाचा आहे. आधीच्या कायद्यात अकुशल मजुरीचा संपूर्ण भार आणि साहित्याचा तीन-चतुर्थांश भार केंद्रावर होता. आता ईशान्येकडील व हिमालयीन राज्ये वगळता बहुतेक राज्यांना एकूण खर्चाच्या ४० टक्के वाटा उचलावा लागेल. शिवाय प्रत्येक राज्यासाठीचा वार्षिक नियतव्यय, म्हणजे खर्चाची ठरलेली मर्यादा, केंद्र ठरवील आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा, अशी तरतूद आहे.

या कायद्यावर सभागृहात जो गदारोळ झाला त्याचा मोठा भाग नावावर खर्च झाला. गांधीजींचे नाव का काढले आणि रामाचे नाव का आणले, या प्रश्नांना भावनिक वजन आहे हे मी नाकारत नाही. नावापलीकडे जाऊन बोलणाऱ्यांनी दोन मुद्दे लावून धरले आणि दोन्ही खरे आहेत. सत्ताधारी पक्षाचे म्हणणे असे की, जुन्या योजनेत खोटे हजेरीपट, निकृष्ट कामे आणि ऐन हंगामात मजुरांची टंचाई या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या आणि टिकाऊ मालमत्ता उभी राहत नव्हती. विरोधकांचे म्हणणे असे की, मागणीनुसार काम देण्याचा हक्क नियतव्ययाला बांधला की तो हक्क राहत नाही, मंजूर रकमेपुरती योजना होते. तथापि ४० टक्के रक्कम राज्ये कोठून आणणार, कोणावर किती कर बसवून आणणार, हा प्रश्न ज्या गांभीर्याने विचारला जायला हवा होता तसा तो कोणत्याच बाजूने विचारला गेला नाही. राज्यांवर बोजा पडेल अशी ओरड झाली. तो बोजा अखेर राज्यातील कोणत्या माणसाच्या खांद्यावर जाईल, हे कोणी सांगितले नाही.

माझ्या मते आपल्या आर्थिक वादांतील मुख्य दोष हाच आहे. रोजगार, अनुदान, कर्जमाफी, थेट बँक खात्यात जमा होणारी रक्कम, यांतले कोणी किती देणार यावर पक्षांत चुरस असते. त्यासाठी कोण किती भरणार यावर मात्र पक्षभेदच उरलेला नाही, कारण त्या प्रश्नावर सगळे पक्ष सारखेच गप्प आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने ‘लाडकी बहीण’ योजनेचे १,५०० रुपये वाढवून २,१०० करण्याचे आश्वासन दिले, तेव्हा महाविकास आघाडीने दरमहा ३,००० रुपयांचे आश्वासन पुढे केले. दोन्ही जाहीरनाम्यांत आकडे होते, पण त्यांसमोर कराची ओळ कोठेही नव्हती. निवडणुकीनंतरच्या अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद करावी लागली आणि राज्यावरील कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेले. घरकाम करणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईच्या हाती थेट पैसे पडले याचे मोल मी कमी लेखत नाही; अनेक घरांत त्या पैशाने तिची पत वाढली आहे. पण कर न सांगता दिलेले वचन अखेर तिलाच असुरक्षित करते. तिजोरी अडचणीत आली की निकष कडक होतात, नावे गळतात, हप्ता लांबतो आणि त्या वेळी तिच्या बाजूने उभा राहणारा करदाता कोठेच नसतो, कारण त्याला या व्यवहारात कधी सामील करूनच घेतलेले नसते.

रोजगार हमीची सुरुवात याच्या नेमकी उलट झाली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात एक लहानसा प्रयोग केला. शेतीच्या विकासाची कामे आणि हाताला काम या दोन गोष्टी एकत्र बांधता येतात का, हे त्यांना पाहायचे होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी त्या कल्पनेला पाठबळ दिले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या पिढीतील माणसे अजून आहेत. बांधाच्या कामावर घमेली वाहणाऱ्या बायका, उन्हात खडी फोडणारी कुटुंबे, झाडाला बांधलेल्या झोळीतले मूल, संध्याकाळी मुकादमाने मस्टरवर घेतलेले अंगठे आणि वाटली जाणारी सुकडी, हे सारे त्यांनी पाहिले आहे. गावात धान्य नाही असे नव्हते, ते विकत घ्यायला मजुरी नव्हती, हे त्या दोन-तीन वर्षांत साऱ्या महाराष्ट्राला उघड दिसले. म्हणून दुष्काळ सरल्यावरही कामाची हमी कायम ठेवावी, हा विचार टिकला.

पण केवळ सदिच्छेवर तो टिकला नसता. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, तसेच विक्रीकरावर, मोटार वाहन करावर आणि बागायती जमिनीच्या महसुलावर जादा आकारणी झाली. शहरांतील बिगरनिवासी मिळकतींच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘रोजगार हमी कर’ ही ओळ आली आणि ती आजही आहे. या करांतून जेवढी निव्वळ रक्कम येईल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्याकडून घालायची आणि दोन्ही मिळून रोजगार हमी निधी उभा करायचा, अशी व्यवस्था झाली. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाली, तेव्हा राज्यात शरद पवारांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते, म्हणजे काँग्रेसबाहेर पडलेला गट, जनता पक्ष आणि शेतकरी कामगार पक्ष एकत्र सत्तेवर होते. एका पक्षाच्या कारकीर्दीत झालेला कायदा त्याच्या विरोधकांनी अमलात आणला. मागणी नोंदवल्यावर १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल, असे त्या कायद्यात होते. दिवसांची मर्यादा नव्हती. कुटुंबामागे १०० दिवस ही अट पुढे केंद्राच्या कायद्यात आली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात प्रत्येक प्रौढ व्यक्तीला हक्क होता आणि तो वर्षभरासाठी होता.

त्या काळी पक्षांत मतभेद नव्हते असे कोणी समजू नये. समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण आणि शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते मजुरीचे दर, पाळणाघरे, उशिरा होणारी पगारवाटप, मुकादमांची लबाडी यांवर तालुक्या-तालुक्यांत मोर्चे काढत होते आणि सत्ताधाऱ्यांना जाब विचारत होते. बागायतदारांची तक्रार वेगळी होती; सरकारी काम सुरू झाले की शेतावर मजूर मिळत नाही, असे ते म्हणत. आज संसदेत ऐकू येणारे बहुतेक आक्षेप त्या वेळी महाराष्ट्रात मांडले गेलेले आहेत. फरक इतकाच की, भांडण करणाऱ्या प्रत्येकाला पैसा कोठून येतो हे ठाऊक होते. शहराने दिले म्हणून गावाला काम मिळाले, आणि गावात काम मिळाल्याने मुंबई-पुण्याकडे येणारे लोंढे काहीसे थोपले, हा देवाणघेवाणीचा व्यवहार उघड होता आणि म्हणून त्यावर राजकारण करता येत होते.

यावर अर्थशास्त्राचे अभ्यासक एक रास्त आक्षेप घेतील. विशिष्ट कर विशिष्ट कामाला बांधला की सरकारचे हात बांधले जातात. गरज कमी झाली तरी कर चालूच राहतो आणि गरज वाढली तरी निधी अपुरा पडतो. केंद्राने गेल्या काही वर्षांत वाढवलेले उपकर आणि अधिभार पाहता या आक्षेपाला बळच मिळते, कारण ते राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. महाराष्ट्राचा अनुभवही निर्दोष नाही. १९८८ मध्ये रोजगार हमी योजनेची (रोहयो) मजुरी शेतीच्या वाढवलेल्या किमान वेतनाशी जुळवली गेली. मजुराच्या दृष्टीने तो न्यायच होता. पण त्यानंतर शासनाने नवी कामे सुरू करण्यात हात आखडता घेतला आणि कामावरची उपस्थिती झपाट्याने घसरली. कायद्याच्या पुस्तकात हक्क होता तसाच राहिला आणि प्रत्यक्षात काम मागणाऱ्याला ते मिळेनासे झाले. पुढे शेतकऱ्यांच्या शेतात खोदल्या जाणाऱ्या जवाहर विहिरी आल्या, १९९० पासून फळबाग लागवड रोहयोशी जोडली गेली. कोकणातील आंबा-काजू आणि पठारावरील डाळिंब यांचा विस्तार त्यातून झाला, हे राज्याच्या हिताचेच होते. मात्र जमीन असणाऱ्याला त्याचा लाभ अधिक झाला आणि ज्याच्याकडे दोन हातांखेरीज काही नव्हते त्याच्या वाट्याची सार्वजनिक कामे मागे पडली. कर वसूल होत राहिला, पण निधीत जमा व्हायची रक्कम पूर्णपणे जमा झाली नाही आणि जमा झालेली पूर्णपणे खर्च झाली नाही.

हा इतिहास माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असे वरवर वाटेल. मला त्यातून वेगळा अर्थ दिसतो. कराला नाव दिल्याने हमी आपोआप टिकत नाही. करदात्याने आपल्या पैशाचा हिशेब विचारणे आणि मजुराने आपल्या हक्काची मागणी नोंदवणे, या दोन्ही गोष्टी चालू राहाव्या लागतात. नव्वदच्या दशकात दोन्ही थंडावल्या. शहरातील पगारदाराला ‘पी.टी.’ म्हणजे काय हे विसरायला लावले गेले आणि गावातील मजुराच्या बाजूने भांडणाऱ्या पक्षांची विधिमंडळातील ताकद ओसरत गेली. निधी बांधलेला नसता तर हा पैसा दुसरीकडे वळला हे सिद्धही करता आले नसते. बांधलेला होता म्हणूनच तफावत मोजता येते आणि तिच्यावर बोट ठेवता येते.

२००५ साली केंद्राचा कायदा झाला तेव्हा त्याची प्रेरणा महाराष्ट्राकडून आली, हे सर्वमान्य आहे. तो कायदाही पक्षभेद ओलांडून झाला. विधेयकाची छाननी करणाऱ्या ग्रामविकासविषयक संसदीय समितीचे अध्यक्ष भाजपचे कल्याणसिंह होते आणि विधेयक काँग्रेसप्रणीत आघाडीचे होते. महाराष्ट्रातून एक गोष्ट मात्र दिल्लीला गेली नाही, ती म्हणजे करबांधणी. केंद्राची हमी सर्वसाधारण महसुलावर उभी राहिली आणि दरवर्षीच्या अर्थसंकल्पात तिची रक्कम ठरू लागली. त्यामुळे हमी १०० दिवसांची असली तरी देशभरात एका कुटुंबाला वर्षाला सरासरी ५० दिवसांच्या आसपासच काम मिळत राहिले. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत या योजनेला काँग्रेसच्या अपयशाचे जिवंत स्मारक म्हटले. पाच वर्षांनी करोनाकाळात घरी परतलेल्या मजुरांना आधार द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्याच सरकारने २०२०-२१ मध्ये तिच्यावर १ लाख १० हजार कोटींहून अधिक खर्च केला. पश्चिम बंगालात गैरव्यवहाराच्या कारणावरून केंद्राने मार्च २०२२ पासून निधी रोखला आणि दिल्ली-कोलकात्यातील पक्षीय वैराची किंमत ज्यांनी आधीच काम केले होते अशा मजुरांनी मोजली. पैसा एकाच ठिकाणाहून येत असेल आणि त्यामागे बांधलेला कर नसेल, तर हमीचे काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर २००६ नंतर एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. पहिल्या १०० दिवसांची मजुरी केंद्र देऊ लागले, त्यापुढील दिवसांची जबाबदारी राज्याकडे राहिली. म्हणजे राज्याच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला. व्यवसाय कर मात्र आहे तसाच राहिला. तेव्हा पुढे दोन सरळ मार्ग होते. एक, कर कमी करावा किंवा रद्द करावा. दुसरा, त्या पैशातून राज्याने केंद्राच्या हमीपलीकडे जाऊन अधिक दिवस, अधिक मजुरी किंवा नगरपालिका क्षेत्रातील बेरोजगारांसाठी काम द्यावे. पहिला मार्ग उजव्या विचाराच्या पक्षाने आणि दुसरा डाव्या विचाराच्या पक्षाने लावून धरला असता तर तो खरा पक्षभेद झाला असता आणि मतदाराला निवड करता आली असती. गेल्या वीस वर्षांत या राज्यात जवळपास प्रत्येक प्रमुख पक्ष सत्तेत बसून गेला आहे, पण या प्रश्नावर एकही निवडणूक लढली गेली नाही.

आता नव्या कायद्याने राज्याचा वाटा पुन्हा उभा केला आहे. ज्या कारणासाठी व्यवसाय कर जन्माला आला तेच कारण ५० वर्षांनी दारात आले आहे. जीएसटीने २०१७ मध्ये जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर), व्हॅट असे बहुतेक कर गिळले, पण व्यवसाय कर राज्याकडे राहिला, आणि राज्याच्या हाती उरलेल्या मोजक्या करांपैकी तो एक आहे. त्याची रचना मात्र अन्यायकारक झाली आहे. पुरुष कर्मचाऱ्याला महिन्याला १०,००० रुपयांहून अधिक पगार असला की तो पूर्ण २,५०० रुपये भरतो. महिला कर्मचाऱ्यांना २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे, हे योग्यच झाले. पण महिना ५ लाख कमावणारा अधिकारीही तेवढेच २,५०० भरतो. साध्या सुरक्षारक्षकाने आणि बड्या कंपनीच्या संचालकाने सारखाच कर द्यावा, ही गोष्ट कोणत्याही विचारसरणीत बसणारी नाही. २,५०० ची मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने घातलेली आहे; त्याआधी ती २५० होती. तेव्हापासून रुपयाची किंमत किती उतरली हे सांगायला नको. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० पर्यंत वाढवण्याची शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे.

मी स्वतः मर्यादा वाढवावी या मताचा आहे आणि वाढ वरच्या उत्पन्नावरच पडावी, खालच्या पगाराला सूट द्यावी, असे मला वाटते. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्यापाशीही सांगण्यासारखे आहे. प्राप्तिकर भरणाऱ्या मध्यमवर्गावर आणखी भार नको, उद्योग शेजारच्या राज्यांत जातील, त्यापेक्षा अन्य खर्चाला कात्री लावून ४० टक्के उभे करावेत, असे ते म्हणू शकतात. पण मग कोणत्या खर्चाला कात्री लावायची तेही त्यांनी सांगावे. कोणाला असेही वाटू शकेल की, मजुरीच्या कामांचे दिवस संपले असून तोच पैसा तालुक्याच्या ठिकाणी कौशल्य प्रशिक्षणावर लावावा. मला ते पटत नाही, कारण मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुलांच्या शाळा सोडवून टोळीबरोबर निघतात ती उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतल्यामुळे, आणि उचल घ्यावी लागते ती गावात त्या महिन्यांत हाताला काम नसल्यामुळे. गावातल्या गावात काम मिळाले तर ती उचल टळू शकते. तरीही प्रशिक्षणाची बाजू मांडणाऱ्याशी वाद घालायला मी तयार आहे, कारण त्याने पैशाचा एक ठरावीक वापर सुचवला आहे आणि तो तपासता येतो.

यासाठी फार मोठ्या सुधारणांची वाट पाहण्याची गरज नाही. राज्याच्या पुढील अर्थसंकल्पात एका पानावर तीन गोष्टी छापाव्यात. व्यवसाय कर आणि रोजगार हमी करातून वर्षभरात किती रक्कम आली, राज्याने आपला तेवढाच वाटा निधीत भरला की नाही, आणि नमुना ४ भरून काम मागणाऱ्या किती जणांना १५ दिवसांत काम मिळाले. त्याच पानावर नव्या कायद्यातील राज्याचा वाटा याच निधीतून दिला जाईल की कर्ज काढून, हेही लिहावे. सत्ताधाऱ्यांनी हे केले नाही तर विरोधकांनी विधिमंडळात त्याची मागणी करावी आणि स्वतः सत्तेवर आल्यास कोणता दर ठेवतील ते त्याच भाषणात सांगावे. अनुच्छेद २७६ मधील मर्यादा बदलायची की नाही यावर महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांनी आपापली भूमिका जाहीर करायला तर राज्याच्या अर्थसंकल्पाचीही वाट पाहावी लागत नाही.